कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायची, ही जुन्या डिझेल जीपची नाडी बघायची बाबांची रीत. काल नवा टर्बो बसवून सलीमचाचांनी जीप सुरू केली, तेव्हाही बाबा तसेच वाकले. खडखड इतकी होती, की गॅरेजचा पत्रा थरथरत होता.

बाबा खुलले. “वा सलीम! खडखड गेली की रे सगळी!”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद करून म्हणाले, “थांब दादा, अजून जरा बघतो.”

याच जीपवर घाटात भाडी मारून बाबांनी मला कॉलेजात घातलं; घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ज्या आवाजावर मी शिकलो, त्यानेच बहुधा त्यांचे कान नेले.

“चांगली झाली ना?” बाबांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.