वरीलप्रमाणे नापास

"सर, पोर्टलवर माझं यंत्र नापास दाखवतंय. अन् चार वाजता चिकलठाण्याच्या कंपनीचे साहेब तेच बघणारेत."

रेणुका माझ्या टेबलासमोर मोबाइल धरून उभी होती. मी विद्यापीठाच्या संगणक विभागात प्रोग्रॅमर. ती आमच्या इन्क्युबेशन सेंटरमधली, म्हणजे नवा उद्योग काढणाऱ्यांना विद्यापीठ जागा आणि लॅब देतं तिथली. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहराच्या कडेनं नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला टँकर लागत होता. टँकरवाल्यानं टाकीत खरंच किती पाणी ओतलं, हे मोबाइलवर दाखवणारं यंत्र तिनं बनवलं होतं. कंपनी ते बाजारात आणायला राजी होती. अट एकच, विद्यापीठाच्या चाचणीत पास झाल्याची नोंद.

"लॅबमध्ये पास झालं होतं ना?"

"व्हय सर. तुमच्याच लॅबमध्ये."

चाचण्यांचे निकाल दाखवणारं हे पोर्टल मीच केलेलं. चाचण्यांचं जुनं रजिस्टर आमचे लिपिक जाधव यांनी टाइप करून दिलं होतं. त्यांची फाइल उघडली. रेणुकाच्या निकालाच्या रकान्यात होतं, 'वरीलप्रमाणे'. या शब्दानं मला आधीच पुरतं छळलं होतं. शेवटी वैतागून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. 'वरीलप्रमाणे' दिसलं की वरच्या ओळीतला निकाल खाली आणायचा. मला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

मी जाधवांना बोलावलं आणि त्यांच्यावरच घसरलो. "निकाल पुरा लिहायला काय झालं होतं?"

"रजिस्टरात हाय तसंच टाइप केलं सर. पदरचं एक अक्षर नाय घातलं." त्यांनी रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. रेणुकाच्या वर 'उत्तीर्ण' होतं. पोर्टलवर तिच्या वर कोणाचं तरी मिरची वाळवायचं यंत्र होतं, नापास झालेलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. पोर्टलच्या उद्घाटनाच्या आधी सेंटरच्या संचालकांना यादी आडनावांच्या क्रमानं हवी होती. मी आधी क्रम लावला आणि नंतर प्रोग्रॅम चालवला.

"तुमी वरचा मानूसच बदलला की सर," जाधव शांतपणे म्हणाले.

संताप आला, पण आता तो माझा मलाच. आणखी किती जणांचे निकाल फिरले होते कोण जाणे. तडक संचालकांकडे गेलो. जाधव रजिस्टर घेऊन मागोमाग आले.

"सर, चूक माझी आहे. आत्ता पाच मिनिटांत दुरुस्त करतो."

"असं कसं? पोर्टलवर गेलेली नोंद बदलायला समिती लागेल."

"समिती कधी बसेल?"

"आधी नेमावी लागेल."

"आन रजिस्टरच्या पानाची सत्यप्रत दिली तर?" जाधवांनी दारातूनच विचारलं.

"ती द्या की. आणा, सही करतो."

झेरॉक्स, सही, गोल शिक्का. दहा मिनिटांत काम झालं. ज्या कागदातून सुटका व्हावी म्हणून मी वर्षभर राबलो, तोच कागद घेऊन रेणुका रिक्षानं चिकलठाण्याला पळाली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "झालं सर. साहेब शिक्का बघून म्हणले, हे बरंय, पोर्टलवर कोणीबी काहीबी टाकतं."

तेव्हापासून कोणाचीही यादी हाती आली की आधी ती लिहिणाऱ्याला गाठतो, संगणक नंतर. रेणुकाचं यंत्र आता गारखेड्यात आमच्याच सोसायटीच्या टाकीवर बसलंय आणि चोख चालतं. पोर्टलवर ते अजून नापासच आहे.