बिनतेलाचं दार

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट गाडीत भरत होतो. माझी थोरली बहीण, आक्का, एवढंच म्हणाली, "सुटलं रं तुझं दाजी…" मला रडू आलं नाही, रागच आला. माणूस केव्हाच गेला होता, आम्ही नुसता देह सांभाळत होतो.

दाजी पोलिसात हवालदार होते. त्यांच्या वाट्याला आलेली थ्री नॉट थ्री रायफल वयानं त्यांच्या वडिलांहून थोरली. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागं ओढायचा, असलं ते जुनं लाकडी धूड. तरुण शिपाई तिला नाकं मुरडत, आणि दाजी आक्काच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या चौकीत नेऊन, तेलात भिजवून तिला पुसत बसत. मी चिडवायचो, "दाजी, आक्काला कधी एवढं जपलं व्हतं का?" ते हसत म्हणायचे, "पावणं, म्हातारीला त्याल लावलं की ती कुरकुरत न्हाई." त्याच चिंधीनं ते गोळ्याही पुसायचे. पितळ कसं लखलखीत दिसलं पाहिजे! हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही.

मग उसात बिबट्या शिरला म्हणून अवसरीकडं बंदोबस्त लागला. शेजारच्या रानात खुरपायला आलेली एक बाई बांधावर वाकली होती, तिच्यावरच त्यानं झेप घेतली. दाजींनी फक्त हवेत बार काढायचा होता, आवाजानं जनावर पळतं. चाप ओढला… नुसतं टक्. दुसरी गोळी भरली, पुन्हा टक्. तिसरी उडाली, बिबट्या पळालाही, पण बाई संपली होती.

चौकशीत गोळ्या जुन्या ठरल्या आणि दाजी सुटले. पण हत्यारं दुरुस्त करणारा मिस्त्री दाजींपुढं सहज बोलून गेला, "गोळीला कुणी त्याल लावतं व्हय? आत झिरपलं की बार मेलाच."

मी परोपरीनं समजावलं. "दाजी, गोळ्याच जुन्या व्हत्या, तुमी काय करणार?"

"नाय, राव. मीच मारली तिला. पुसून पुसून मारली."

त्या दिवशी सगळ्या चिंध्या चुलीत गेल्या. पुढं निवृत्त झाले, पण डोक्याला तेल नाही, सायकलीच्या साखळीला नाही, दाराच्या बिजागरीलाही नाही. दार लई कुरकुरायचं. तो आवाज ऐकत ते ओसरीवर बसून राहायचे, जेवण पुढ्यात निवून जायचं. आम्ही हरलो. त्या बाईच्या घरच्यांनीसुद्धा त्यांना कधी बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

तसल्या रायफली आमच्याकडं बंदोबस्ताला अजून दिसतात. दिसली की मी मान फिरवतो.

दहावं उरकल्यावर मी तेलाची बाटली घेऊन दाराशी गेलो. आक्कानं हात धरला. "नको रं. त्यास्नी चालायचं न्हाई."

बाटली परत फळीवर ठेवली. दार कुरकुरलं की आक्का अजून ओसरीकडं बघते.