राजपुत्राच्या कमरेची घंटी

आधी माफी मागतो. विजयाकाकूंवर लिहावं अशी माणसं शिकागोच्या आसपास पुष्कळ आहेत... त्यांच्याबरोबर नोकरी केलेले डॉक्टर, त्यांच्या औषधांवर लहानाचे मोठे झालेले पेशंट. मी त्यांना दोनच वर्षं ओळखत होतो, तेही एक परका विद्यार्थी म्हणून. त्यांच्या मुलीची, अनुजाताईची, माफी मी फोनवर मागितली, ती पुरी पडली असं वाटत नाही. तरी लिहितो, कारण आता न लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा गप्प बसणं होईल.

काकू मूळच्या नागपूरच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. रिटायर झाल्यावर त्या इथल्या एका म्युझियममध्ये लोकांना चित्रं समजावून सांगायचं काम हौसेने करायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. मी नाव सांगितलं, देव. परभणीजवळच्या गावातून आलेला, घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. निदान नाव तरी इथे शोभेलसं असावं, असं मी विमानातच ठरवून टाकलं होतं. काकू आम्हा गाडी नसलेल्या मुलांना डेव्हन ॲव्हेन्यूवर वाणसामान आणायला न्यायच्या. एकदा बाकीची मुलं परीक्षेत अडकलेली, मी एकटाच होतो. परतताना त्यांनी गाडी म्युझियमकडे वळवली. "कोथिंबीर राहील गाडीत, बाहेर फ्रिजच आहे. चल, तुला एक पेशंट दाखवते."

पेशंट म्हणजे स्पेनच्या दरबारातलं, साडेतीनशेएक वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या म्युझियमकडून उसनं आणलेलं एक चित्र. अंधाऱ्या खोलीत लाल मखमलीजवळ उभं असलेलं दोनेक वर्षांचं मूल, पायघोळ झगा, पांढरं एप्रन. मी म्हणालो, "किती गोड मुलगी आहे."

"मुलगा आहे. राजपुत्र. तेव्हा लहान मुलग्यांनाही झगेच घालत," काकू हसल्या. "आणि चेहरा नको बघू. चेहऱ्याला चित्रकाराने लाली लावलीय. दुसऱ्या दरबारातल्या नातेवाइकांना पाठवायचं होतं नं, बाळ ठणठणीत आहे म्हणून. तू तुझ्या रूममेटचा, निखिलचा कोट घालून आईला फोटो पाठवतोस, तसंच. हात बघ."

हात उशीवर टेकलेला होता. बोटं सैल, नखं फिकी. त्याला उभं राहवत नव्हतं, हे काकूंनी दाखवल्यावर मला दिसलं. कमरेच्या दोरीला चांदीची घंटी, पोवळ्याचा तुकडा आणि कुठल्याशा प्राण्याचा पंजा लटकत होता. मला ती खेळणी वाटली.

"ताईत आहेत रे. दृष्ट लागू नये म्हणून. याच्याआधीची भावंडं गेली होती. बाप राजा झाला म्हणून आणखी काय करणार होता तो?... हाही गेला. चार वर्षांचासुद्धा झाला नाही."

मग त्यांनी मला दिव्याखाली ओढलं आणि पेशंटकडे बघावं तसं माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुझं नाक टोचलं होतं नं लहानपणी?"

उजव्या नाकपुडीवरचा तो ठिपका इथे कुणाच्या लक्षात आला नव्हता. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली. मी झाल्यावर माझं नाक टोचलं, आणि नाव ठेवलं दगडू. मी हे खाली बघत सांगितलं.

काकूंनी बोटाने माझी हनुवटी वर केली. मग म्हणाल्या, "तुझी आई पोवळं कुठून आणणार होती? तिने नावच बांधलं तुझ्या कमरेला." आणि लगेच पाठीत धपाटा. "आणि तू इथे येऊन शेंदूर फासलास होय! दगडाचा देव!"

"काकू, प्लीज कुणाला सांगू नका."

"मी नाही सांगणार. ते तुझं काम."

त्यानंतर त्या चारचौघांत मला देव म्हणायच्या, दोघंच असलो की दगडू. एकदाही चुकल्या नाहीत.

या वसंतात मंडळाच्या मराठी शाळेची मुलं म्युझियममध्ये आली. मुलं सांभाळायला माझा रूममेट निखिल आणि मी गेलो होतो. काकूंनी ताईतांबद्दल सांगितलं तसा एक पोरगा खिदळला, "दॅट्स सो वीअर्ड!"

"वीअर्ड काय त्यात?" काकू म्हणाल्या. "आपल्याकडेही करतात. कुणाची नजर जाऊ नये म्हणून मुलाला मुद्दाम साधंसुधं, दगडाधोंड्याचं नाव ठेवतात."

"लाइक, रिअल पीपल?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. हट्ट नव्हता त्या बघण्यात, नुसतं दार उघडून धरावं तसं ते होतं. शेजारी निखिल उभा होता. मी बुटांकडे बघत राहिलो... "हो, रिअल पीपल," काकू म्हणाल्या. "चला, पुढचं चित्र." निघताना त्यांनी त्या राजपुत्राचं पोस्टकार्ड माझ्या खिशात सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "बेलव्ह्यूला गेल्यावर नीट जेवत जा, दगडू." ती शेवटची भेट.

इंटर्नशिपसाठी दूरच्या बेलव्ह्यू गावी निघताना मी मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. काकूंना फोन करावा असं वाटायचं, पण त्या दिवसाचा विषय निघेल म्हणून पुढे ढकलत राहिलो. पोस्टकार्ड माझ्या टेबलावर मॉनिटरला टेकवलेलं आहे. सकाळी काम सुरू करताना अजून आधी हाताकडे लक्ष जातं, मग घंटीकडे.

परवा सकाळीही तिकडेच बघत होतो, तेवढ्यात निखिलचा फोन आला. कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस, विचारत होता. मी सांगितलं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "अरे देव, तुला सांगायचंच राहिलं. त्या म्युझियमवाल्या काकू गेल्या यार. दोन आठवडे झाले. हॉस्पिटलमध्ये सारखं म्हणत होत्या म्हणे, दगडूला बोलवा. त्यांच्या मुलीने ग्रुपवर दोनदा विचारलं, दगडूला कुणी ओळखतं का? काकूंच्या फोनमध्येही त्या नावाचं कुणी नव्हतं. आता आपल्यात कोण असणार दगडू? नागपूरकडचा कुणी जुना नोकरबिकर असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं."