एक नर राखायचा असतो

मे महिन्यात सलीमचा अकोल्याहून फोन आला. "आपा गेली. ऊन लागलं." त्याची बहीण रुखसाना पातूरच्या शाळेत माझ्या वर्गात होती. दफनाला गेलो, पण रडू आलं नाही. राग आला, स्वतःचाच. तिच्याबद्दल लोक चांगलंच बोलतील. मला मात्र आधी हे सांगायला हवं, की तिचा हात मी फोडला होता.

बागवानाची ही पोर शिकायला कोकणात गेली आणि समुद्रातलं शेवाळ घेऊन अकोल्याच्या प्रयोगशाळेत आली. "अकोल्यात समुद्र!" मी चिडवायचो. त्या शेवाळात नर-मादी दिसायला अगदी सारखे. तिनं त्यांच्या डीएनएमधली खूण शोधली होती. चिमूटभर तुकड्यावरून नर कोण ते कळायचं. कापसानं सगळ्यांना झोडपलं त्या वर्षांत मी काटवलं, म्हणजे कर्टोली, लावली. काटवलातही नर वेल वेगळा, मादी वेगळी, फुलल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि फळ फक्त मादीला. तिनं तीच रीत माझ्या रोपांच्या पानांवर चालवली आणि नरांची यादी पाठवली. "धा मादीमांगं एक नर ठेव," हेही बजावलं. मी हं म्हटलं आणि विळा घेतला. फुकटखाऊ साले! एकूण एक नर उपटला, कंद दगडानं ठेचले. ठेचताना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मादी वेली फुलल्या… आणि फुलं पटापट गळली. एक काटवल धरेना. तसाच अकोल्याला गेलो, तिच्या टेबलावर मूठ आपटली.

"तुया मशिनीनं बुडवलं मले!"

"एक नर ठेवाले सांगतलं होतं ना तुले? काहून छाटले सगळे?"

ती बरोबर होती, म्हणूनच माझं डोकं फिरलं. समोरची खाऱ्या पाण्याची बाटली उचलून टेबलावर हाणली. तिनं मधे हात घातला, काच तळहातात घुसली. रक्ताची धार लागली, पण ती हाताकडे बघतच नव्हती. फरशीवर बसून शेवाळाचे धागे वेचत होती. "हा नर होता," म्हणाली. "एवढाच जगला होता."

त्या एका नरासाठी तिला पुन्हा किनाऱ्यावर जाऊन पहिल्यापासून सगळं करावं लागलं. पण त्याआधी, आठवड्याभरातच, ती माझ्या वावरात उभी होती. पातूरच्या डोंगरातून नर काटवलाचा कंद खणून आणला होता. पट्टी बांधलेल्या हातानं तो लावला, शेजारी काठी रोवली आणि ओढणीची किनार फाडून काठीला बांधली. नर ओळखायला आम्ही अशीच चिंधी बांधतो. "याले हात लावशीन तं पाहय!" मी मान हलवली. माफी राहिली. पुढे इतकी वर्षं चहा झाला, भांडणं झाली, हसणं झालं, तेवढं राहिलंच.

काल निंदताना त्या काठीपाशी आलो. किनार विरून दोऱ्यांवर आली आहे. नवी चिंधी नाही बांधली तर पुढच्या वर्षी नर ओळखणार कसा? खांद्यावरचा दुपट्टा फाडला आणि तिच्या किनारीवरच गाठ मारली. "चुकलं वं माह्यं, रुखसाना," म्हणालो… मोठ्यानं. शेजारच्या वावरातला माणूस मान वर करून बघत राहिला. मी विळा उचलला आणि तो वेल सोडून पुढची ओळ निंदायला घेतली.