पुस्तक संपायला नऊ मिनिटे

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्या वडिलांच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहा महिने पुढे ढकलण्यात आली. निर्णय डॉक्टरांचा होता. त्याला आधार मी दिलेल्या माहितीचा होता, आणि ती माहिती चुकीची होती.

वडिलांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ते गिरणीत विणकर होते. तिशीत असताना मागावरचा सूत वाहणारा धोटा उडून उजव्या डोळ्यावर बसला. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नाही. त्यामुळे डाव्या डोळ्यावर जे काही करायचे, ते त्यांच्या संपूर्ण दृष्टीवर करायचे होते.

घाटकोपरच्या घरात ते चार वर्षे एका दहा इंची लॅपटॉपवर पुस्तके वाचत. दौऱ्यावरून बातम्या पाठवण्यासाठी मी तो घेतला होता. छापील अक्षर त्यांना पुरेनासे झाले, तेव्हा मी त्यात मराठी कादंबऱ्या भरून दिल्या आणि अक्षर मोठे करायची बटणे दाखवली. त्या यंत्रातले दुसरे काही त्यांनी शिकून घेतले नाही. सुरुवातीला पडद्यावर बारा ओळी मावत. वर्षभराने सात. नंतर चार. चार ओळींचे पान स्वयंपाकघरातूनही वाचता येते. माझी बायको कणीक मळता मळता वाचत असे.

"बाबा, थांबा ना, उलटू नका. माझं राहिलंय."

"तू चपात्यांकडे बघ गो," वडील म्हणत. ते घरात मालवणीच बोलतात.

लॅपटॉप मांडीवर तापायचा आणि बॅटरी अर्धा तास टिकायची. म्हणून गणपतीच्या आधी मी अंधेरीला, ऑफिसजवळच्या दुकानातून ई-रीडर घेतला. पडदा कागदासारखा आहे, डोळ्यांना त्रास होत नाही, असे विक्रेत्याने सांगितले. ते खरे आहे. पण ज्याला कमी दिसते त्याला त्यावर दिसेल का, हे मी विचारले नाही.

कपडे फाटतात या संशयावरून ज्या माणसाने तीन महिने वॉशिंग मशीनला हात लावला नव्हता, त्याने ई-रीडर एका दिवसात स्वीकारला. "ह्या बरा आसा. आवाज करणा नाय," एवढेच ते म्हणाले. मला शंका तेव्हाच यायला हवी होती.

पुस्तके माझ्या खात्यावर घेतलेली होती. त्यामुळे ते कुठवर आले, हे मला ऑफिसात फोनवर दिसे. सोमवारी बारा टक्के, बुधवारी तीस. महिन्याभरात तीन कादंबऱ्या संपल्या. जेवणाच्या सुट्टीत मी हे सहकाऱ्यांना सांगत असे.

त्या सोमवारी डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारले, "काका, घरी वाचन होतं का?"

उत्तर मी दिले. "रोज. महिन्याभरात तीन कादंबऱ्या झाल्या."

मोतीबिंदू आहे, पण हा एकच डोळा आहे आणि त्याने रोजचे वाचन होते आहे, तर घाई नको, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी केसपेपरवर 'वाचन चालू' असे लिहिले. रिक्षात वडील खुशीत होते. दूधवाल्या भय्याचे बिल, शेजाऱ्यांचा कुत्रा, सगळ्यावर बोलत होते.

आठ दिवसांनी मी ई-रीडर चार्जिंगला लावायला घेतला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते: पुस्तक संपायला नऊ मिनिटे. कादंबरी सव्वातीनशे पानांची होती आणि चाळीस टक्केच झाली होती. वाचणारा किती वेगाने पाने उलटतो, त्यावरून यंत्र हा हिशेब करते. मी पहिला संशय यंत्रावर घेतला. तीच कादंबरी मी पंधरा मिनिटे वाचून पाहिली. आकडा चार तासांवर गेला. यंत्र बरोबर होते.

मग अक्षराचा आकार पाहिला. दुकानातून आला तेव्हा होता तेवढाच. ते अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते.

मी बायकोला विचारले. ती म्हणाली, "दुपारी खिडकीपाशी बसतात. पानं उलटतात. टीव्ही चालू असतो." थोड्या वेळाने तिने विचारले, "तू तुझ्या बापाची बातमी करतोयस का रे?"

एवढ्यावर बातमी उभी राहत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ई-रीडरवर त्याचीच माहितीपुस्तिका उघडून ठेवली. ती इंग्रजीत आहे. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. संध्याकाळी पाहिले तर ती एकतीस टक्के वाचून झाली होती.

"बाबा, नवीन पुस्तक कसं आहे?"

"बरा आसा."

"गोष्ट काय आहे?"

"गोष्ट काय, भावाभावांचा जमिनीवरसून भांडण. धाकटो लबाड आसा."

मी त्यांना पुस्तक कशाचे आहे ते सांगितले. ते टीव्हीकडे पाहत राहिले. बायकोने टीव्ही बंद केला.

"तू हापिसात बसान माजी पानां मोजतस, ता माका म्हायत आसा," ते म्हणाले. "म्हणान पानां उलटीत होतंय."

"पण का?"

"त्या लॅपटॉपार माजा वाचन अख्ख्या घराक दिसायचा. अक्षर मोठा केलंय की तुमी दोघां एकमेकांकडे बघायचात. माका कळला, आता ह्यां माका ऑपरेशनाक उचलून नेतली." मग आवाज चढला. "तुजो एक डोळो गेलो तर दुसरो आसा. माजो दुसरो खय आसा?"

मी लॅपटॉप काढला, चार्जिंगला लावला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी प्लसचे बटण दाबायला सुरुवात केली. ते थांबले तेव्हा पडद्यावर तीन शब्द होते. त्यांतला पहिला त्यांनी बरोबर वाचला. दुसऱ्यावर अडले. तिसरा वाचलाच नाही.

गुरुवारी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. आधी दिलेली माहिती चूक होती, असे मी सांगितले. डॉक्टरांनी 'वाचन चालू' हे शब्द खोडले आणि नव्याने तपासणी केली. मोतीबिंदू घट्ट होत चालला आहे, थांबल्यास शस्त्रक्रिया अवघड होईल, असे ते म्हणाले.

वडिलांनी विचारले, "केलात तर दिसात?"

"दिसावं. बहुतेकांना दिसतं. पण खात्री मी देत नाही, काका. कुणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका."

बाहेर आल्यावर वडील बाकावर बसले. "ह्यो डॉक्टर खोटा बोलणा नाय," ते म्हणाले. "तारीख घे."

शस्त्रक्रियेच्या सकाळी नर्सने संमतीपत्र दिले. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. वडिलांनी हात पुढे करून कागद काढून घेतला आणि सुनेकडे दिला.

"तू वाच गो. ह्यो काय गाळता काय, बघूया."

तिने तेच पुन्हा पहिल्यापासून वाचले. दृष्टी जाण्याच्या शक्यतेचे वाक्य त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतले. दोघांच्या वाचनात फरक नव्हता. मग त्यांनी सही केली. ती रेषेच्या बरीच खाली गेली. चालेल, असे नर्स म्हणाली. साडेअकरा वाजता त्यांना आत नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी हातभर अंतरावर बोटे धरली.

"किती?"

"तीन," वडील म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, सुनेकडे पाहिले. "तीनच मां?"

"तीनच, बाबा."

डॉक्टर दोन पावले मागे गेले आणि बोटे बदलली. वडिलांनी दोन सांगितली. दोनच होती.