दोन सीटच्या गाडीच्या तीन धारा

गॅरेजमधले रसूलभाई नेहमी चपला काढून आत यायचे, चहा घ्यायचे. त्या दुपारी ते चपला घालूनच दारात उभे राहिले. "भाभी, वस्ताद गये," एवढंच बोलले... इंजिनावर वाकलेले असतानाच ह्यांच्या छातीत कळ आली होती. त्याला आता दीड महिना झाला.

ह्यांच्या हाताखालून सोलापूरच्या कितीतरी मोटारी गेल्या, पण जीव जडला तो एकीवरच. सहा वर्षांपूर्वी एका गिरणीचे साहेब गाव सोडून निघाले होते. त्यांची लाल, दोन सीटची, वरून उघडी विलायती गाडी ते पाच हजारांत द्यायला तयार होते. आमच्याकडे तेवढेच होते, घरासाठी जमवलेले. भाड्याच्या एका खोलीत अकरा वर्षं काढली होती. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मलाच विचारलं, "घिऊ का गं? फुकटात हाय की."

मी ह्यांच्यापुढे फार बोलत नसे. पण माझे वडील मोहोळला म्हशींचा व्यवहार करायचे. म्हैस घेताना तीन धारा बघतात. तीन वेळा आपण स्वतः पिळायची, खाते किती, देते किती ते बघायचं, मगच पैसे द्यायचे. मी म्हटलं, "तीन दिस दारात आणा. खाती किती बघू."

"मोटारीला कडबा घालती व्हय?" हे हसले. पण साहेबांना विचारून गाडी आणली.

पहिल्या दिवशी ती पेट्रोल इतकं प्यायली की रसूलभाई म्हणाले, "वस्ताद, इसके वास्ते हौद बांधो." दुसऱ्या दिवशी पंख्याचा पट्टा तुटला. तसा पट्टा सोलापुरात नव्हता, पुण्यालाही नाही. ह्यांनी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून, शिवून वेळ भागवली. टायर तर मुंबईहूनच मागवावे लागणार होते. गॅरेजच्या फरशीवर हे खडूनं आकडे मांडत गेले. दोन वर्षांच्या दुरुस्तीत गाडीची किंमत पुन्हा एकदा भरावी लागत होती, तीही स्वतःची मजुरी न धरता.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, बस." मी पदर दातात धरला. अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो, आणि वारा असा लागला की माझी भीडच गेली. मी म्हटलं, "ठिवायची आसंल तर ठिवा. मी ऱ्हाते भाड्यानं." गाडी वळवताना हे म्हणाले, "न्हाय. हिला सायेबच पायजे. मिस्त्रीच्या दारात उपाशी मरंल ती." संध्याकाळी धुऊन पुसून परत दिली.

पुढच्या वर्षी होटगी रस्त्याला आमच्या दोन खोल्या झाल्या. गवंड्यानं विचारलं, "मिस्त्री, पुढच्या खोलीला एवढं दार? बैलगाडी घालताव काय?" हे म्हणाले, "वारं येतंय की." मी मनातल्या मनात ती लाल गाडी त्या दारातून आत घालून पाहिली, बरोबर मावली. दाराची रुंदी ह्यांनी टेप लावून स्वतः आखून दिली होती.

रोज सकाळी दाराच्या दोन्ही फळ्या उघडून हे मधोमध चहा घेत बसत. मला जायला-यायला एक फळी पुरते. तरी मी दोन्ही उघडते.