दहा बाय दहाचा कंटेनर

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी आणि आमच्या सोसायटीचे सन्माननीय सभासद यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की करंजाड्यातल्या आमच्या फ्लॅटमधल्या डबल बेडची माझी बाजू गेली पाच वर्षं परकीय अमलाखाली होती. अंमल आमच्या लेकीचा. ती झोपताना शहाण्यासारखी सरळ झोपते आणि तासाभरात फिरते. मग डोकं आईच्या कुशीत, टाचा माझ्या बरगड्यांत.

शेवटी मी जाहीर केलं की दुसरी बेडरूम लेकीची. त्या खोलीत तेव्हा गावाकडून आलेली तांदळाची गोणी, बंद पडलेला कूलर आणि इस्त्रीची वाट बघणाऱ्या कपड्यांचा डोंगर राहत होता. बायकोनं मोबाइलवर एक फोटो शोधून ठेवला होता. गुलाबी भिंत, पांढरे ढग, जाळीचे पडदे. "रंगारी कशाला? व्हिडिओ बघून आपणच करू," ती म्हणाली. लेकीनं फोटो बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "नको. मला कंटेनर पाहिजे."

इथे माझं दुःख समजून घ्या. मी न्हावा शेव्याच्या बंदरावर, कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. दिवसभर कंटेनर. कुठला यार्डात अडकला, कुठला तपासणीला ओढला, कुठल्याच्या कागदावर नंबर चुकला. रविवारी मोरा गावी बहिणीकडे जाताना लेक स्कूटरवर माझ्यापुढे उभी असते आणि शेजारून जाणारे ट्रेलर डोळे फाडून बघते. एकदा म्हणाली, "पप्पा, आत कोण राहतं? मला आत जायचंय." ऊन डोक्यावर, ट्रेलर कोपराला लागेल इतका जवळ. मी साहेबी आवाजात सांगून टाकलं, "कंटेनरमध्ये फक्त माल. माणसांनी आत जायचं नसतं. कायदा आहे." विषय संपला, असं मला वाटलं होतं.

"तुमच्यावरच गेलीय," बायको म्हणाली.

"अगं, दिवसभर कंटेनरला शिव्या घालायच्या आणि घरी येऊन पुन्हा कंटेनरच बघायचा?"

"मग घरीही घाला. सवय आहेच."

मी लेकीला विचारलं, "कंटेनर केला तर एकटी झोपशील ना तिकडे?" ती म्हणाली, "लाल पाहिजे. जुना लाल." एवढ्यावर मी होकार धरला. ऑफिसात असा होकार धरला असता तर मला घरी पाठवलं असतं.

रंगाच्या दुकानातल्या पुस्तकात पीच होता, लव्हेंडर होता, जुना लाल नव्हता. दुकानदार म्हणाला, "रेड ऑक्साइड न्या ना. सेम कलर. कुठं मारायचाय, ग्रिलला?"

"मुलीच्या बेडरूमला."

त्यानं डब्याशेजारी एक बाटली ठेवली आणि म्हणाला, "साहेब, टर्पेंटाइन माझ्याकडून."

कंटेनरच्या पत्र्याला उभ्या घड्या असतात. त्या भिंतीवर दिसाव्यात म्हणून चिकटपट्ट्या लावून एक पट्टा गडद, एक फिका, अशी बायकोची योजना. रंग वाळला, आम्ही पट्टी ओढली. पट्टीबरोबर खालचा जुना डिस्टेंपर आला, त्याच्याबरोबर थोडी भिंतही आली.

"व्हिडिओत नुसतं ओढतात आणि सरळ रेघ येते," स्टुलावरून बायको म्हणाली.

"व्हिडिओतली भिंत आपल्या बिल्डरनं बांधलेली नसेल."

वास तर असा, की आमच्या बेडरूममध्येही टिकवेना. तिघं हॉलमध्ये एका गादीवर झोपलो. म्हणजे अर्धा बेड परत मिळवायला निघालेला माणूस पुरता बेडही घालवून बसला. टाचा आता मानेत येत होत्या. समोरच्या काकू वाटी परत करायला आल्या, दारातूनच डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! गोडाऊन भाड्यानं देताय?"

मग कंटेनरच्या दाराला असतात ते उभे दांडे. वायरिंगचे प्लास्टिकचे पाइप चंदेरी रंगवून ते कपाटाशेजारी भिंतीवर ठोकायचे होते. तिसऱ्या खिळ्याला हातोडी घसरली आणि वाटीएवढं प्लॅस्टर माझ्या पायावर पडलं. माझ्या तोंडून यार्डातला एक शब्द गेला. लेक धावत आली. मला वाटलं, आता रडते. तिनं त्या खड्ड्यात बोट घातलं आणि आनंदानं ओरडली, "पोचा! पप्पा, आता खरा वाटतोय! अजून एक कर ना!"

कंटेनरवर असतो तसा नंबर तिनंच सांगितला. चार अक्षरं, सात आकडे, एकही कमी चालणार नाही. त्यातला सहाचा आकडा तिनं स्वतः काढला आणि उलटा काढला. मी तो तसाच ठेवला. माझी बरगडी पणाला लागली होती.

अखेर वास गेला. त्या संध्याकाळी खोलीत नवी गादी घातली, चादर अंथरली. जेवण झाल्यावर लेक स्वतःहून कामाला लागली. बाहुल्या आत, सायकल आत, बादलीभर ठोकळे आत, माझे चांगले बूटसुद्धा आत. मी बायकोला खूण केली, बघ, संसार मांडतेय. लेकीनं दार ओढून घेतलं, कडीला राखीचा जुना दोरा बांधला आणि म्हणाली, "सील."

आता आतून की बाहेरून, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी खुशीत आमच्या बेडवर हातपाय पसरले. पाच मिनिटांत लेक आली, माझ्या पोटावरून चढून मध्ये शिरली आणि पांघरूण ओढून घेतलं.

"अगं, तुझी खोली?"

"पप्पा, ती भरली. आणि कंटेनरमध्ये माणसं झोपतात का? फक्त माल! तूच सांगितलंस ना? कायदा आहे."

मी बायकोकडे बघितलं. आठवडाभर स्टुलावर उभी राहून तिची कंबर धरली होती, नखांतला लाल रंग अजून निघाला नव्हता. ती ताडकन उठून बसली आणि लेकीला म्हणाली, "मग यांनाच भर की आत! सील लाव, आणि मला झोपू दे!"